डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवर टिकाऊ उपचार कसा निवडावा

बेळगावात मी अनेक वर्षे औषधांच्या दुकानात काम केले. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांविषयी विचारायला येणाऱ्या स्त्रियांचा, आणि अलीकडे पुरुषांचाही, प्रश्न जवळजवळ ठरलेला असे: "कायमचं जाईल असं काही आहे का?" या प्रश्नाला एका ट्यूबचे नाव सांगून उत्तर देता येत नाही, कारण टिकाऊपणाचा अर्थ प्रत्येक उपचारात वेगळा असतो. काही उपचारांचा परिणाम तीन-चार महिने राहतो, काहींचा काही वर्षे राहतो आणि काहींचा आपण ते करत राहू तोवरच राहतो. आपल्या सुरकुतीचा प्रकार न ओळखता उपचार निवडला, तर महागडा उपचारही वाया जातो. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतून बेळगावला किंवा कोल्हापूरला उपचारासाठी जाणाऱ्यांना त्या फेऱ्या वाया घालवणे परवडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी सुरकुती कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. तिच्यात तेलग्रंथी कमी असतात, खाली चरबीचा आधार फारसा नसतो आणि तिच्या लगेच खाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू असतो. हा स्नायू दिवसभरात हजारो वेळा आकुंचन पावतो. त्वचेतील कोलेजन आणि इलॅस्टिन हे तंतू शाबूत असतात तोवर प्रत्येक घडी उलगडते. वयाने आणि उन्हाने हे तंतू तुटू लागले की घडी पडलेली तशीच राहते.

सकाळी तोंड धुऊन, कोणतेही क्रीम न लावता, खिडकीसमोर आरसा धरावा. चेहरा सैल सोडावा आणि रेषा कुठे दिसतात ते पाहावे. मग मनापासून हसावे आणि पुन्हा पाहावे. हसताना डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पंख्यासारख्या रेषा उमटत असतील आणि हसू थांबताच त्या नाहीशा होत असतील, तर दोष स्नायूच्या ओढीचा आहे. चेहरा शांत असतानाही त्या दिसत असतील, तर त्वचेचे तंतू कमी झाले आहेत. खालच्या पापणीवर चुरगळलेल्या कागदासारखे बारीक जाळे दिसत असेल, तर त्यात उन्हाचा वाटा बहुधा मोठा असतो. वरच्या पापणीची त्वचा लोंबून पापण्यांच्या केसांवर टेकत असेल किंवा डोळ्यांखाली फुगीर पिशवी दिसत असेल, तर तो प्रश्न सुरकुतीपेक्षा जास्तीच्या त्वचेचा आणि पुढे सरकलेल्या चरबीचा आहे. शेवटी खालच्या पापणीची त्वचा दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरून सोडावी. ती चटकन जागेवर गेली तर ताण शिल्लक आहे, आणि सावकाश गेली तर पापणी ढिली झाली आहे. पंचेचाळिशीनंतर बहुतेकांत या प्रकारांतील दोन-तीन एकत्र असतात. आपल्याला सर्वांत जास्त कोणता खुपतो ते ठरवले की डॉक्टरांशी बोलणे सोपे होते.

काही खुणा मात्र सुरकुत्यांच्या खात्यात टाकू नयेत. रोज सकाळी दोन्ही पापण्या सुजत असतील, तर आधी मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. नाकाजवळ पापणीवर पिवळसर चपटे डाग असतील, तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे. डोळ्यांना सतत खाज येऊन ते चोळण्याची सवय असेल, तर ती ॲलर्जी बरी होईपर्यंत कोणताही सौंदर्योपचार टिकणार नाही. आणि एका बाजूची पापणी अचानक खाली आली किंवा एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झीज थांबवल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही

बेळगावची हवा थंड आहे, त्यामुळे ऊन पोळत नाही आणि म्हणून ते लागतही नाही अशी समजूत होते. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरकुत्यांना मुख्यतः कारण ठरणारे अतिनील ए किरण ढगांतूनही येतात आणि साध्या खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने ६९ वर्षांच्या एका चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. त्याने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवली होती, आणि खिडकीकडचा त्याचा डावा गाल व डोळ्याचा परिसर उजव्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. निपाणी-संकेश्वर-बेळगाव महामार्गावर आयुष्य काढलेल्या चालकांनी आरशात आपल्या दोन्ही बाजूंची तुलना करून पाहावी. खानापूर भागात जुलैच्या पावसात भाताची लावणी करणाऱ्या स्त्रियांनाही हे लागू आहे, कारण आभाळ भरलेले असले तरी त्या दिवसभर उघड्यावर असतात.

सनस्क्रीनच्या उपयोगाविषयी भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. एसपीएफ ३० किंवा ५० आणि सोबत पीए+++ असे लिहिलेले सनस्क्रीन निवडावे. एसपीएफ हा आकडा मुख्यतः अतिनील बी किरणांपासूनच्या संरक्षणाचा असतो, तर पीए हे अतिनील ए किरणांविषयी सांगते. चेहऱ्यासाठी आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम लागते. बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग उपयोग झाला नाही म्हणतात. डोळ्यांजवळ झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे, कारण ते घामाबरोबर डोळ्यांत उतरले तरी कमी चुरचुरते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर डोळ्यांभोवती काळेपणाही असतो, आणि तो दृश्य प्रकाशानेही वाढतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक चांगले. उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. शेतात हे शक्य नसते हे मला माहीत आहे. तिथे रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पदर हेच अधिक खात्रीचे साधन आहे.

दुसरी झीज डोळे बारीक करण्याची आहे, आणि ती थांबवणे सर्वांत स्वस्त आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते आणि लोक वर्षानुवर्षे चष्म्याविना डोळे किलकिले करून सुईत दोरा ओवतात, मोबाईल वाचतात. वडगाव-शहापूरच्या मागांवर काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या कपाळावर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत या कष्टाच्या रेषा मी पाहिल्या आहेत. बोटॉक्सचा विचार करण्याआधी डोळ्यांचा नंबर तपासून घ्यावा. उन्हात जाताना यूव्ही ४०० असे लिहिलेला, कडेनेही डोळे झाकणारा गॉगल घालावा. केवळ गडद काचेचा, पण अतिनील किरण न अडवणारा गॉगल घेऊ नये. दुचाकीवर पॉलिकार्बोनेटच्या काचेचे हेल्मेट घातले आणि काच खाली ठेवली, तर धूळ, वारा आणि अतिनील किरण तिन्ही अडतात.

तंबाखूविषयी निपाणीच्या परिसरात लिहिताना हात जड होतो, कारण त्या पिकावर आणि विड्यांवर अनेक घरे उभी आहेत. तरीही सांगायला हवे: धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, कोलेजन लवकर तुटते आणि सुरकुत्या लवकर व खोल पडतात. जो माणूस विडी सोडणार नाही, त्याने लेसरवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जखम भरण्याची त्याच्या त्वचेची क्षमताही कमी झालेली असते.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोरेपणासाठी म्हणून आपल्याकडे स्टेरॉइडयुक्त मलमे सर्रास लावली जातात. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव ट्यूबवर बारीक अक्षरांत असते. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून शेजारीण शेजारणीला तेच सांगते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, ऊन सहन होत नाही आणि मलम बंद करताच चेहरा भडकतो. डोळ्यांजवळ ते दीर्घकाळ लावले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशा ट्यूबा चिठ्ठीशिवाय देण्याची पद्धत सगळीकडे होती आणि मीही त्या दिल्या, याचे दुःख मला आजही आहे. आपण असे मलम लावत असाल, तर ते एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून त्यांच्या सल्ल्याने कमी करत बंद करावे. सुरकुत्यांचा उपचार त्यानंतर.

रात्रीचे क्रीम: सावकाश, पण खरे काम

बाहेरून लावण्याच्या औषधांत सर्वांत जास्त अभ्यास झालेले औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातील आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली उन्हाने जुनाट झालेल्या त्वचेवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ते या कामासाठी वापरले जाते. ते कोलेजनची निर्मिती वाढवते आणि त्याची तुटफूट कमी करते. मात्र त्याला वेळ लागतो: फरक दिसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. दुकानात तीन आठवड्यांनी येऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी दिनदर्शिकेवर सहावा महिना दाखवत असे.

लावण्याची पद्धत चुकली तर डोळे लाल होतात आणि माणूस औषधच सोडून देतो. डॉक्टरांनी सहसा ०.०२५ टक्के या कमी ताकदीपासून सुरुवात करून दिलेली असते. रात्री चेहरा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि आधी साधे मॉइश्चरायझर लावावे. मग संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढे औषध घेऊन, त्यातील अगदी थोडे डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर, म्हणजे बोटाला हाड लागते त्या कडेवरच, टेकवत लावावे. वरच्या पापणीवर, पापण्यांच्या केसांजवळ आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ते लावू नये. तिथल्या तेलग्रंथींना त्रास होऊन डोळे कोरडे पडू शकतात. पहिले दोन-तीन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एकाआड एक रात्री आणि त्वचेला मानवले तरच रोज, असा क्रम ठेवावा. थोडी कोंड्यासारखी साल निघणे अपेक्षित आहे. आग होत असेल किंवा पापणी सुजली असेल तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गरोदर असणाऱ्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी हे औषध वापरू नये. ते चालू असताना भुवयांना किंवा ओठांवर वॅक्स करू नये, कारण त्वचा सोलली जाते; पार्लरमध्ये ही गोष्ट आपण होऊन सांगावी.

चिठ्ठीशिवाय मिळणारे रेटिनॉल त्याच कुळातील असले तरी सौम्य आहे आणि त्याचा परिणाम आणखी सावकाश होतो. नाजूक त्वचेला मात्र ते अधिक सोसते. सकाळी सनस्क्रीनच्या आधी 'क' जीवनसत्त्वाचे किंवा नायसिनामाइडचे सिरम लावल्यास थोडी मदत होते. केवळ ओलावा देणारी क्रीमे त्वचा फुगवून रेषा काही तास बुजवतात, आणि लग्नाला जाताना तेवढेही पुरते, पण तो उपचार नव्हे. साजूक तूप, खोबरेल तेल, बदामाचे तेल यांचेही तसेच आहे. ती लावायला हरकत नाही. डोळ्यांजवळ लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट लावायला मात्र माझी सक्त हरकत आहे. त्यांनी त्वचा भाजते, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर भाजलेल्या जागेचा काळा डाग महिनोन्महिने राहतो.

बोटॉक्स: स्नायूच्या रेषांसाठी

हसताना उमटणाऱ्या रेषांवर सर्वांत परिणामकारक उपचार बोटुलिनम टॉक्सिनचा, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, आहे; बोटॉक्स हे त्याचेच प्रचलित नाव. त्याचा जन्म नेत्रोपचारातच झाला. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते विकसित केले आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स आणि त्यांचे पती, त्वचातज्ज्ञ ॲलिस्टर कॅरुथर्स, यांनी १९९२ साली सुरकुत्यांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. भुवयांमधील रेषांसाठी २००२ साली आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

प्रत्येक बाजूला साधारण तीन ठिकाणी अतिशय बारीक सुईने ते टोचले जाते. बोटॉक्स या मूळ औषधाची मान्यताप्राप्त मात्रा दोन्ही बाजू मिळून २४ युनिट आहे. डॉक्टर ती स्नायूच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त करतात. डिस्पोर्टसारख्या दुसऱ्या औषधाचे युनिट वेगळे मोजले जाते, त्यामुळे "तिकडे इतके युनिट, इकडे इतकेच" अशी तुलना करू नये. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन ते चार महिने टिकतो. लग्नसराईसाठी करून घ्यायचे असेल तर किमान तीन आठवडे आधी करावे, म्हणजे टोचलेल्या जागेचा निळसरपणा जाऊन, गरज पडल्यास थोडी भर घालायलाही वेळ राहतो. त्याच दिवशी जागा चोळू नये, फेशियल करू नये, जड व्यायाम करू नये आणि चार तास आडवे होऊ नये, असे डॉक्टर सांगतात. त्या दिवशी देवळात साष्टांग नमस्काराऐवजी हात जोडावेत. तीन महिन्यांच्या आत पुन्हा टोचून घेण्याची घाई करू नये, कारण वारंवार दिल्याने शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा संभव असतो.

चार महिने म्हणजे टिकाऊ कसे, असा प्रश्न येथे रास्त आहे. माझे उत्तर असे: स्नायू विश्रांतीत असताना घडी पुन्हा पुन्हा पडत नाही, त्यामुळे आज केवळ हसताना दिसणारी रेषा कायमची कोरली जाण्याचा वेग कमी होतो. पण जी रेषा आधीच शांत चेहऱ्यावर कोरली गेली आहे, ती एकट्या बोटॉक्सने पूर्ण जात नाही. वर्षातून तीन वेळा हा खर्च करणे जमणार नसेल, तर एकदा करून सोडून देण्यापेक्षा तोच पैसा सनस्क्रीन आणि ट्रेटिनॉइनवर घालावा. सोडून दिल्याने चेहरा पूर्वीपेक्षा बिघडतो ही समजूत मात्र खरी नाही. तो पूर्वीसारखा होतो, इतकेच.

गरोदरपणी, अंगावर पाजत असताना, मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा विकार असताना किंवा टोचायच्या जागी संसर्ग असताना हे इंजेक्शन घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे, परंतु हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत. डोके दुखणे, थोडे काळे-निळे होणे हे किरकोळ त्रास आहेत. क्वचित पापणी खाली येते किंवा डोळा कोरडा पडतो, आणि औषधाचा परिणाम ओसरला की तेही जाते. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र लगेच रुग्णालयात जावे.

लेसर, फिलर आणि शस्त्रक्रिया

शांत चेहऱ्यावरील रेषांसाठी आणि खालच्या पापणीवरील बारीक जाळ्यासाठी लेसर उपयोगी आहे, आणि त्याचा परिणाम बोटॉक्सपेक्षा पुष्कळ अधिक टिकतो, कारण त्यात त्वचा नवे कोलेजन तयार करते. पूर्वीचे लेसर त्वचेचा संपूर्ण वरचा थर काढत. २००४ साली मांडल्या गेलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत सूक्ष्म ठिपक्यांएवढीच जागा भाजली जाते आणि मधली त्वचा शाबूत राहते, त्यामुळे जखम लवकर भरते. तरीही फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसरनंतर आठवडाभर लाली, सूज आणि खपल्या राहतात, आणि खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांत दिसतो.

परदेशातील गोऱ्या त्वचेवरचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो पाहून आपण निर्णय घेऊ नये. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असल्याने तिला सुरकुत्या उशिरा पडतात, पण तेच मेलॅनिन भाजल्यावर काळे डाग देते. म्हणून कमी ऊर्जेने, अधिक बैठकांत काम करणारे डॉक्टर निवडावेत, आणि आधी कानाजवळ एका लहान जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबण्याची विनंती करावी. रेडिओफ्रिक्वेन्सीसह बारीक सुयांचा उपचार रंगद्रव्याला लेसरइतका धक्का देत नाही, म्हणून सावळ्या त्वचेसाठी अनेकदा तोच सुचवला जातो. खोल रासायनिक पील, म्हणजे रसायनाने त्वचेचा थर सोलणे, विशेषतः फिनॉलचे, आपल्या त्वचेसाठी योग्य नाही. लेसर पापणीवर चालवायचा असेल तर डोळ्याच्या आत धातूचे संरक्षक कवच बसवले जाते. ते बसवणार का, हे विचारायलाच हवे. ओठांवर वारंवार तापासारखे पाण्याचे फोड उठत असतील, जखमेचा व्रण फुगून येण्याची प्रवृत्ती असेल किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. वेळ निवडताना मार्च ते मे टाळावे. शेतकरी घरातील स्त्रियांनी लावणी आटोपल्यावर, श्रावणातील सवडीचे दिवस धरावेत, आणि खपल्या निघेपर्यंत त्या जागेवर हळद, कुंकू, भंडारा लागू देऊ नये.

फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भर घालणारे जेल, हे सुरकुतीपेक्षा डोळ्यांखालच्या खळग्यासाठी असते. हायल्युरोनिक आम्लाचे फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकते. ते उथळ भरले गेले तर जागा निळसर दिसते. क्वचित, पण अतिशय गंभीर धोका असा की ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. फिलर विरघळवणारे हायल्युरोनिडेज हे औषध दवाखान्यात त्या क्षणी उपलब्ध आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नये. माझे मत विचाराल तर डोळ्यांखाली फिलर हा शेवटून दुसरा पर्याय असावा.

लोंबलेल्या पापणीला मात्र क्रीमही नको आणि लेसरही नको. तिला ब्लेफरोप्लास्टी म्हणजे पापणीची शस्त्रक्रियाच हवी. जास्तीची त्वचा, आणि गरज असल्यास चरबी, काढली किंवा सरकवली जाते. वरच्या पापणीचे काम बहुधा जागा बधिर करून होते, टाके आठवडाभरात निघतात आणि परिणाम अनेकदा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतो. टिकाऊपणाच्या कसोटीवर हाच सर्वांत दीर्घ उपचार आहे. पण हसताना कोपऱ्यात पडणाऱ्या रेषा त्याने जात नाहीत, कारण तो स्नायू तसाच राहतो. शस्त्रक्रियेआधी डोळ्यांतील कोरडेपणाची तपासणी व्हायला हवी, आणि खालच्या पापणीचा ढिलेपणाही पाहायला हवा, नाहीतर पापणी बाहेर वळण्याची भीती असते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात तीव्र वेदना होऊन दिसणे कमी झाले तर सकाळची वाट पाहू नये, कारण डोळ्यामागे रक्तस्राव झाला असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो.

कुठे आणि कोणाकडे जावे

बोटॉक्स, फिलर आणि लेसरसाठी त्वचारोग विषयातील एमडी, डीएनबी किंवा पदविका असलेले डॉक्टर, आणि पापणीच्या शस्त्रक्रियेसाठी ऑक्युलोप्लास्टीचे प्रशिक्षण घेतलेले नेत्रशल्यविशारद किंवा एमसीएच झालेले प्लास्टिक सर्जन पाहावेत. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आता शासकीय महाविद्यालयही आहे. तिथल्या त्वचारोग आणि नेत्र विभागांत निदान करून घेतले तर, पुढचा उपचार कुठेही घेतला तरी, दिशा चुकत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये इंजेक्शन घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच वाटू देऊ नये. सौंदर्यासाठीचा उपचार आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. मात्र लोंबलेल्या पापणीने दृष्टी झाकली जात असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून त्याचा अहवाल जपून ठेवावा.

कोल्हापूर, मिरज किंवा पुण्याला जाण्याचा मोह आपल्याकडे असतो. एकदाच करायच्या शस्त्रक्रियेसाठी ते समजण्यासारखे आहे, पण बोटॉक्सला पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावे लागते आणि लेसरला चार-पाच फेऱ्या होतात. रात्री काही बिघडले तर तासाभरात पोहोचता येईल असे डॉक्टर मला अधिक मोलाचे वाटतात.

आपल्या भागातील आणखी एक अडचण भाषेची आहे. संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते, आणि खेड्यातून आलेल्या मराठी स्त्रिया ते न वाचता सही करतात. बेळगावातील बहुतेक डॉक्टरांना आणि परिचारिकांना मराठी येते. त्यांना ते मराठीत वाचून, समजावून सांगायला सांगावे. हा आपला हक्क आहे आणि चांगले डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत. धोके कोणते, बैठका किती, एकूण खर्च किती आणि बिघडल्यास कोणाला फोन करायचा, ही चार उत्तरे ऐकल्यावरच सही करावी. इंजेक्शनची बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी आणि ती थंड पेटीतून किंवा फ्रिजमधून काढली का ते पाहावे, कारण बोटॉक्स दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते.

घरी आल्यावर एका वहीत तारीख, औषधाचे नाव, बॅच क्रमांक, प्रत्येक बाजूला दिलेले युनिट किंवा लेसरचा प्रकार आणि डॉक्टरांचे नाव लिहून ठेवावे. त्याच खिडकीसमोर, त्याच उजेडात, शांत आणि हसऱ्या चेहऱ्याचे एकेक छायाचित्र काढावे, आणि दर तीन महिन्यांनी तसेच पुन्हा काढावे. उद्या डॉक्टर बदलले, गाव बदलले किंवा त्रास झाला, तर नव्या डॉक्टरांसमोर ती वही ठेवता येते, आणि खर्च केलेला उपचार खरोखर किती महिने टिकला हेही त्या छायाचित्रांतून आपले आपल्याला दिसते.